हिशेब कोणी कोणाला द्यायचा?



एकाधिकार खरेदीच्या काळात ज्यांनी थंडीच्या रात्री बैलगाड्यांच्या रांगेत काढल्या, त्यांना रांग नवीन नाही. नवे एवढेच की आता रांग मोबाइलमध्ये लागते. २०२५-२६ च्या हंगामात कापसाचा हमीभाव जाहीर झाला. मध्यम धाग्याला क्विंटलला ७,७१० रुपये, लांब धाग्याला ८,११० रुपये. पण भारतीय कपास निगमच्या केंद्रावर या भावाने कापूस घालायचा, तर आधी 'कपास किसान' या अ‍ॅपवर नोंदणी हवी. नोंदणीसाठी पेऱ्याचा पुरावा हवा. पुरावा म्हणजे सातबारावरची ई-पीक पाहणीची नोंद. ती नोंद करायची तर शेतात उभे राहून मोबाइलने फोटो काढायचा. साखळीची एक कडी निसटली की घरात कापूस असूनही हमीभावाच्या बाजारात तुम्ही कापूसवाले नाही.

आमच्या भागातल्या एका बहिणीचे असेच झाले. चार एकर कोरडवाहू. तीन एकर पऱ्हाटी, एक एकर ज्वारी. सातबारा तिच्या नावावर, पण आधारला जोडलेला मोबाइल पुण्याला कंपनीत राबणाऱ्या पोराच्या खिशात. ओटीपी यायचा त्याच्याकडे, तोही त्याची पाळी सुटल्यावर. तोवर इकडे शेतात कोणी नसायचे. असे करता करता पाहणीची मुदत गेली. उरलेल्या नोंदी कोणीतरी उरकल्या, त्यात तिच्या गटावर सोयाबीन लागले. शेतात पऱ्हाटी, कागदावर सोयाबीन. दुरुस्तीचा अर्ज करून वाट पाहण्याइतकी उसंत तिला नव्हती. किराणा दुकानाची उधारी दारात उभी होती. घरी आलेल्या व्यापाऱ्याला तिने पडेल भावात कापूस देऊन टाकला.

यात आमचीही चूक आहे, ती आधी कबूल करतो. १५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी सुरू झाली तेव्हा 'माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा' ही सरकारी घोषणा आम्हीच सभांतून मोठ्या हौसेने सांगितली. आता चावडीवर खेटे नकोत, चिरीमिरी नको, कास्तकार स्वतःच्या पिकाचा स्वतःच साक्षीदार, असे आम्ही म्हणालो. तत्त्व चांगले होते, आजही आहे. पण ज्याच्या हातात मोबाइल नाही, ज्याच्या शिवारात रेंज नाही, त्याचे काय, हा प्रश्न आम्ही तेव्हा पुरता विचारला नाही. तलाठ्याचे काम शेतकऱ्यावर आले. तलाठ्याची चूक झाली तर तक्रार करता येत असे. आता चूक झाली की ती शेतकऱ्याचीच.

दोन जातींच्या वेबसाइट

म्हणून आज या विषयावर सरळ बोलायचे आहे. सरकारी वेबसाइट, पोर्टल, अ‍ॅप यांचा सध्या सुकाळ आहे. कोणी म्हणतो यामुळे लोकशाही घराघरात आली. कोणी म्हणतो हे सगळे जाळे आहे, याच्या नादी लागू नका. आम्हाला दोन्ही म्हणणी अर्धवट वाटतात. बियाण्याची पिशवी हातात आली की आपण आधी वाण कोणते ते पाहतो. तसे इथेही पाहिले पाहिजे. ओळखायची खूण एकच. हिशेब कोण कोणाला देतो?

पहिली जात अशी, की जिथे हिशेब आपण द्यायचा. पेरा नोंदवा, ओळख पटवा, शेतकरी ओळख क्रमांक काढा, अंगठा लावा. २०१६ पासूनच्या पीकविमा योजनेत गारपिटीसारख्या स्थानिक नुकसानीची खबर ७२ तासांत द्या, अशी अट होती. तासांची मुदत शेतकऱ्याला. या जातीच्या वेबसाइटवर आपण फक्त अर्जदार. चूक दिसली तर लाल अक्षरे उमटतात, आणि विचारायला समोर माणूस नसतो.

दुसरी जात अशी, की जिथे हिशेब सरकारने द्यायचा आणि आपण तपासायचा. ग्रामपंचायतीत किती पैसा आला, कशावर गेला, कोणाच्या नावे बिल निघाले. रोजगार हमीच्या हजेरीपटावर कोणाची नावे आहेत. इथे आपण अर्जदार नाही, मालक आहोत. नागरिक या शब्दाचा अर्थ या दुसऱ्या जातीत आहे.

दुःख असे की पहिल्या जातीच्या वेबसाइटवर आपल्याला हाकलत नेतात, आणि दुसऱ्या जातीची आहे हेदेखील कोणी सांगत नाही.

वेबसाइटच्या आधी मंडप होता

हिशेब मागायची ही रीत दिल्लीच्या संगणकातून निघालेली नाही. ती राजस्थानातल्या दुष्काळी कामांवर माती उपसणाऱ्या मजुरांनी काढली. राजसमंद जिल्ह्यातल्या देवडुंगरी या खेड्यात १९९० साली मजदूर किसान शक्ती संघटन उभे राहिले. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह ही मंडळी त्यात होती. मजुरांचा प्रश्न साधा होता. दिवसभर खपूनही पूर्ण किमान मजुरी का नाही? उत्तर मिळे, तुम्ही काम कमी केले, मोजमापात तसे आहे. मग मोजमाप दाखवा म्हटले की उत्तर मिळे, ते सरकारी गुपित आहे.

डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना येथे त्यांनी पहिली जनसुनवाई घेतली. मिळालेले हजेरीपट आणि बिले लोकांसमोर मोठ्याने वाचली. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही कळले की आपले नाव कुठे लागले आणि आपल्या गावात न झालेले कोणते काम कागदावर झाले. एप्रिल १९९६ मध्ये ब्यावरला ४० दिवसांचे धरणे झाले. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा तिथून देशभर गेली. २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला.

याच राजस्थानात १३ सप्टेंबर २०१९ रोजी 'जन सूचना पोर्टल' सुरू झाले. रेशन, पेन्शन, रोजगार हमी अशा योजनांची गाववार माहिती कोणालाही पाहता यावी, त्यासाठी अर्ज लागू नये, ही त्यामागची कल्पना. सरकारी खाते आणि लोकसंघटना यांनी एकत्र बसून ते घडवले. पण क्रम लक्षात घ्या. आधी मंडप, मग धरणे, मग कायदा, आणि चोवीस-पंचवीस वर्षांनी पोर्टल. पोर्टल हे आंदोलनाचे पीक आहे. आपल्याकडे उलटे चालले आहे. पोर्टल आधी आले, वाचणारी माणसे अजून जमायची आहेत.

पारावरचे वाचन

आपल्याकडे वाचण्यासारखे काहीच नाही, असे मात्र नाही. २४ एप्रिल २०२० पासून 'ई-ग्रामस्वराज' ही वेबसाइट सुरू आहे. देशातल्या ग्रामपंचायतींचे वार्षिक आराखडे, त्यातली कामे आणि झालेला खर्च त्यावर पाहता येतो. त्यासाठी पासवर्ड लागत नाही. १५ व्या वित्त आयोगाचा पैसा थेट पंचायतीच्या नावे येत होता. २०२१-२२ पासून त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला, ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा. गावाची गरज काय, हे ग्रामसभेने ठरवायचे.

एका गावात आम्ही दोन वर्षांचा आराखडा आणि खर्चाची पाने छापून आणली. मजकूर बराचसा इंग्रजीत, कामांची नावे तोडकीमोडकी. बारावी झालेली दोन पोरे पुढे बसवली, मारुतीच्या पारावर तीसेक माणसे जमली, आणि एकेक ओळ मराठीत वाचायला सुरुवात केली.

पहिल्याच पानावर शाळेच्या पाण्याच्या टाकीची दुरुस्ती निघाली. 'हे पैसे खाल्ले' असे गावात दोन वर्षे बोलले जात होते. सभेत बसलेल्या गुरुजींनी उठून सांगितले, टाकी दुरुस्त झाली आहे, पोरे रोज त्यातले पाणी पितात. एक खोटा आळ तिथेच मिटला. हिशेब उघडा असला की प्रामाणिक माणसाचेही रक्षण होते, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसले.

तिसऱ्या पानावर वस्तीतल्या नालीचे काम पूर्ण झाल्याचे निघाले. वस्तीतल्या बायका म्हणाल्या, कुठली नाली? आमच्या दारात आजही सांडपाणी साचते. ग्रामसेवकाने सांगितले की जागा बदलली, नाली दुसऱ्या गल्लीत झाली. मग प्रश्न निघाला, जागा बदलायचा ठराव कधी झाला? ठराव इतिवृत्तात नव्हता. पुढच्या ग्रामसभेला त्या बायका वीस-पंचवीसच्या संख्येने आल्या आणि वस्तीची नाली पुढच्या आराखड्यात पहिल्या क्रमांकावर लिहून घेऊनच उठल्या. कोणी निलंबित झाले नाही, पेपरात बातमी आली नाही. पण गावाचा पैसा कुठे जायचा हे त्या दिवशी गावाने ठरवले.

आम्ही शेतकी शाळेत माती परीक्षण शिकलो. आजही घरोघरी मृदा आरोग्य पत्रिका खुंटीला लावलेल्या दिसतात. पत्रिकेत स्फुरद कमी लिहिले म्हणून जमिनीत स्फुरद येत नाही. पत्रिका वाचून, खताची मात्रा बदलून, डवऱ्यामागे चालावे लागते. वेबसाइटवरची माहितीही तशीच. ती खुंटीला टांगलेली पत्रिका आहे. वाचणारी सभा नसेल तर आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते.

कायदा भिंतीचेही नाव घेतो

काही अधिकारी सांगतात, माहिती वेबसाइटवर टाकली, आमचे काम संपले. हे कायद्याला धरून नाही. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगते की माहिती मागायची वेळच येऊ नये, सरकारने ती आपणहून द्यावी. ती स्थानिक भाषेत आणि त्या भागात जी रीत सर्वांत परिणामकारक असेल त्या रीतीने द्यावी. त्या रीतींची यादीही कायद्यात आहे. सूचना फलक, वर्तमानपत्र, जाहीर घोषणा आणि इंटरनेट, सगळी एका ओळीत. म्हणजे पंचायतीची भिंत, दवंडी आणि वेबसाइट यांचा मान कायद्यात सारखा आहे. ज्या गावात रेंज नाही तिथे भिंत रंगवणे ही मेहेरबानी नाही, कर्तव्य आहे.

पीकविम्याचेच घ्या. खरीप २०२५ मध्ये महाराष्ट्रात एक रुपयाचा विमा बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर आली. उंबरठा उत्पन्न कसे काढतात? मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे घेऊन त्यांची सरासरी, आणि तिच्या ७० टक्के. प्रयोगात आलेले उत्पन्न त्याखाली गेले तरच भरपाई. मग मंडळात प्रयोगाचे प्लॉट कोणते निवडले, कोणत्या तारखेला वजन केले, हे आपल्याला दिसायला नको का? ज्वारीची कापणी एकदाच होते. कपाशीची वेचणी तीन-चार वेळा होते. प्रत्येक वेचणीचे वजन नीट धरले नाही तर सगळे गणित चुकते, हे सांगायला कृषी पदवी लागत नाही. प्रत्येक महसूल मंडळातल्या प्रयोगांचे आकडे, वेचणीनिहाय, वेबसाइटवर आणि चावडीच्या फळ्यावर लागले पाहिजेत. आमच्या पेऱ्याचा फोटो तुम्हाला हवा, तर तुमच्या वजनकाट्याचा फोटो आम्हाला हवा.

दार बंद होत आहे

आणखी एक गोष्ट जिल्हा सभेत सर्वांच्या कानावर घालायची आहे. २०२३ साली संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यातून माहिती अधिकाराच्या कलम ८ मधला एक पोटभाग बदलला, आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती देण्याने कोणाच्या खासगी आयुष्यात विनाकारण शिरकाव होतो, हे दाखवावे लागे. आता 'ही वैयक्तिक माहिती आहे' एवढे म्हणून नकार देण्याची वाट मोकळी झाली आहे.

याचा आपल्याशी काय संबंध? अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी नावांची असते. हजेरीपट नावांचाच असतो. नावे झाकली तर मेलेल्या माणसाच्या नावावर कोणी पैसे उचलले हे कसे कळणार? कोणाचा आधार क्रमांक, बँक खाते, आजारपण चव्हाट्यावर आणू नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण सरकारी तिजोरीतून कोणाला किती गेले ही गावाची माहिती आहे. कलम ४ मध्ये अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील आपणहून जाहीर करावा, असे आजही लिहिलेले आहे. व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते, हे कलम ८ (२) मध्ये आजही आहे. नकार आला तर ही दोन कलमे लिहून अपील करा.

रोजगार हमीचेही लक्षात ठेवा. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने दिलेली ही कल्पना २००५ साली देशाचा कायदा झाली, आणि त्या कायद्याखाली हजेरीपट वेबसाइटवर उघडे झाले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा मंजूर केला. नव्या व्यवस्थेत हजेरीपट तसाच उघडा राहतो की नाही, यावर नजर ठेवणे हे आपले काम आहे.

एक रास्त आक्षेप

आपल्यातले जुने कार्यकर्ते विचारतात, 'हे सगळे ठीक, पण शेतकऱ्याचा रोग भावाचा आहे. नालीचा हिशेब वाचून कापसाला भाव मिळणार आहे का?' नाही मिळणार. भावाची लढाई भावाच्याच मैदानात लढावी लागेल. पण आज जाहीर झालेला भाव पदरात पडायचा तर तो पोर्टलच्या दारातून येतो. दार कोणाच्या ताब्यात आहे हे पाहिले नाही, तर आंदोलनाने मिळवलेला रुपया दारातच अडतो. आणि जे गाव स्वतःच्या पंचायतीला हिशेब विचारू शकत नाही, ते दिल्लीला कापसाच्या उत्पादन खर्चाचा हिशेब काय विचारणार? सवय घरातून लागते.

आता करायचे काय

प्रत्येक गावशाखेने हे पाच काम करावेत.

१. गावात दोन वाचक नेमावेत, त्यातली एक मुलगी असावी. त्यांनी दर तीन महिन्यांनी पंचायतीच्या आराखड्याची आणि खर्चाची पाने छापून आणावीत. खर्च शाखेने करावा.

२. ग्रामसभेच्या आधी आठ दिवस पारावर किंवा चावडीवर पाने मोठ्याने वाचावीत. आधी महिलांच्या सभेत वाचावीत, कारण पाणी आले की नाही हे त्यांनाच ठाऊक असते.

३. ग्रामसभेला गणपूर्ती लागते. मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यापैकी कमी असेल ती संख्या. ती भरा. ठराव इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

४. जे वेबसाइटवर नाही ते माहिती अधिकारात मागा. अर्जाला १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाहीत. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आले तर ३० दिवसांत पहिले अपील.

५. पेरणीनंतर गटवार फेरी काढा. ज्या घरात मोबाइल नाही, ज्या बाईचा ओटीपी पुण्याला जातो, तिची पीक नोंद आपल्या पोरांनी तिच्या शेतात तिच्यासोबत उभे राहून करावी. नोंद झाल्यावर सातबारा काढून पीक बरोबर लागले का ते तिला वाचून दाखवावे.

आणि सरकारकडे मागणी तीन गोष्टींची. ज्याला मोबाइलवर जमत नाही त्याची नोंद चावडीवर कागदावर घ्या आणि पोच द्या. रेंज नसणे, ओटीपी न येणे, पोर्टल बंद पडणे ही शेतकऱ्याची चूक धरू नका. जो हिशेब आमच्याकडून घेता, तेवढाच उघडा हिशेब तुमचा आमच्या भाषेत, आमच्या भिंतीवर लावा.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या बहिणीच्या घरी आम्ही नंतर गेलो. आमची चूक आम्ही तिच्यापाशी कबूल केली. तिने राग धरला नाही. एवढेच म्हणाली, 'भाऊ, पुढच्या साली फोटो काढायला या, पण फोटोत मीही दिसली पाहिजे.' येत्या हंगामात त्या शेतावर आम्ही जाणार आहोत. तुमच्या गावातल्या अशा शेतावर कोण जाणार, ते जिल्हा सभेला येताना ठरवून या, आणि नावे लिहून आणा.